पहिल्या लांब पल्ल्याची पूर्वतयारी

इ. स. १८५७ साली पेणनजीकच्या वरसई गावाहून विष्णुभट गोडसे आपल्या चुलत्यांस सोबत घेऊन उत्तर हिंदुस्थानच्या वाटेस लागले, तेव्हा मथुरेस बायजाबाई शिंदे यांच्याकडून होऊ घातलेल्या यज्ञात चार पैसे दक्षिणा मिळवावी, एवढाच त्यांचा हेतू होता. परंतु वाटेतच बंडाच्या वार्तेने त्यांना गाठले, झाशीचा वेढा त्यांच्या डोळ्यांदेखत घडला, आणि घरी परतल्यावर कित्येक वर्षांनी लिहून काढलेला त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघाला, तो मराठी भाषेचे एक अमोल धन होऊन बसला. त्या काळी सामान्य वाटसरू निघण्यापूर्वी जी तयारी करी ती थोडक्यात आटोपणारी असे. चांगला मुहूर्त, भरवशाची सोबत, वाटेवरील ओळखीच्या घरांची आणि देवस्थानांची माहिती, आणि दिवसाकाठी पायांना झेपेल एवढी मजल, एवढे जुळले की मनुष्य घराबाहेर पाऊल टाकी. आज मोटारसायकलवरून आयुष्यातील पहिल्या लांबच्या प्रवासास निघू पाहणारा तरुण जी यादी कागदावर उतरवितो, तिच्यात इंधन, हत्यारे, कागदपत्रे, पावसाळी अंगरखा, शिरस्त्राण, औषधे असा सारा सरंजाम असतो. या दोन याद्यांच्या मध्ये जी दीडशेहून अधिक वर्षे गेली, त्यांचा इतिहास फारसा कोणी लिहिलेला नाही. आणि माझ्या मते तो लिहिण्याजोगा आहे, कारण प्रवाशाच्या सामानातून आजवर जी जी वस्तू कमी झाली, ती ती कोणीतरी, बहुधा सार्वजनिक खर्चाने आणि पुष्कळदा निनावी श्रमाने, रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवलेली आहे.

मुंबईकराच्या दृष्टीने या इतिहासाचा उंबरठा म्हणजे बोरघाट. सह्याद्रीच्या या खिंडीतून बैलांचे तांडे पिढ्यानपिढ्या मालाची ने-आण करीत होते. परंतु चाकाच्या गाडीला नीट चढता येईल असा घाटरस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत बांधून झाला आणि १८३० सालच्या नोव्हेंबरात तो रहदारीस खुला करण्यात आला. घाटात शिंग्रोबाचे लहानसे देऊळ आहे. डोंगरातली वाट साहेबाला ज्या धनगराने दाखविली त्याचे हे स्थान, असे परंपरेने सांगितले जाते. कागदोपत्री या आख्यायिकेला आधार असो वा नसो, घाट चढणारे वाहनचालक तेथे नाणे वाहून पुढे जातात आणि त्या निमित्ताने एका वाटाड्याचे स्मरण करतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रस्ता आखणाऱ्या इंजिनिअरांची नावे दप्तरांत राहिली. वाट माहीत असलेल्या माणसाचे नाव लोकांनी आपल्या श्रद्धेत जपले.

मोटारसायकल ही वस्तू युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आकारास आली, आणि तिच्यावर बसून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची उमेद मनुष्याला लवकरच झाली. १९१२ साली कार्ल क्लॅन्सी नावाचा अमेरिकन तरुण हेंडरसन कंपनीच्या गाडीवर निघाला. युरोप, उत्तर आफ्रिका, सिलोन, जपान असा सुमारे १८,००० मैलांचा पल्ला गाठून तो पुढल्या वर्षी मायदेशी पोहोचला. त्याचा जोडीदार पॅरिसलाच मागे फिरला होता. त्यानंतर वीस वर्षांनी रॉबर्ट फुल्टन या दुसऱ्या अमेरिकनाने लंडनमधील एका मेजवानीत, मनात कोणतीही पक्की योजना नसताना, आपण मोटारसायकलने जगप्रवासास निघणार असल्याचे बोलून टाकले. पंक्तीत बसलेल्या डग्लस कंपनीच्या मालकाने तेथल्या तेथे गाडी देऊ केली, आणि शब्द आधी व तयारी मागून अशा उलट्या क्रमाने त्याचा प्रवास सुरू झाला. तुर्कस्थान, इराक, वायव्य सरहद्द असे मुलूख ओलांडीत तो हिंदुस्थानात आला व पुढे जपानपर्यंत गेला. त्याच्या गाडीत इंजिनाच्या खालच्या बाजूस एक पिस्तूल दडवून ठेवण्याची सोय केलेली होती. ज्या मुलखात पोलिसचौकीचा भरवसा नसतो तेथे प्रवासी आपली चौकी आपल्याबरोबर नेतो, हे त्या लपविलेल्या पिस्तुलाइतके स्पष्ट दुसऱ्या कशाने सांगता येणार?

आपल्याकडील तरुणांनी या बाबतीत परक्यांची वाट पाहिली नाही, हेही सांगितले पाहिजे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रवासास निघाले. त्यांच्यापाशी मोटारसायकली नव्हत्या, साध्या पायाने मारावयाच्या सायकली होत्या. तरी दोन चाकांवरून दूर जाण्याच्या आपल्याकडील परंपरेचा आरंभ त्यांच्यापासूनच धरावा लागेल. पंजाब, बलुचिस्तान, इराण, बगदादपलीकडचे सीरियाचे वाळवंट असा मार्ग त्यांनी धरला. सहांपैकी तिघे निरनिराळ्या कारणांनी वाटेत गळले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांची प्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईस परत आले. साडेचार वर्षांच्या या प्रवासासाठी त्यांनी बरोबर घेतलेली साधने आजच्या एखाद्या आठवड्याच्या सहलीलाही कोणी पुरेशी मानणार नाही. परंतु त्यांच्या जवळ व्यायामशाळेत कमावलेली शरीरे होती, आणि मागे उभा राहणारा एक समाज होता. तयारीच्या हिशेबात या दोन्ही रकमा धरल्या पाहिजेत.

हे तिघे परतले त्याच सुमारास देशातील रस्त्यांच्या नशिबातही एक पालट होत होता, आणि त्याच्याशी एका मराठी माणसाचे नाव कायमचे जोडलेले आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली, रबरी टायरांखाली मुरमाचे रस्ते उखडू लागले, आणि दुरुस्तीचा भार लोकल बोर्डांच्या तुटपुंज्या तिजोरीस पेलेनासा झाला. तेव्हा मध्यवर्ती सरकारने १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. जयकरांचे नाव आपण बहुधा पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून घेतो. परंतु ज्या कोणी या देशात लांबचा प्रवास चाकांवरून केला आहे, त्याने त्यांचे स्मरण या समितीसाठीही ठेवावे. रस्ते हा केवळ प्रांतांचा वा जिल्ह्यांचा प्रश्न नसून सबंध देशाचा आहे, आणि जो रस्ता वापरतो त्याने पेट्रोलमागे थोडी अधिक पट्टी देऊन त्याचा खर्च उचलावा, असा समितीचा अभिप्राय पडला. त्याप्रमाणे गॅलनमागे दोन आणे जादा कर बसवून १९२९ साली मध्यवर्ती रस्तेनिधी उभा राहिला. पुढे १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, तीही याच विचाराचे फळ.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४३ साली, निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची जी योजना आखली ती 'नागपूर योजना' या नावाने प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्ह्याचे रस्ते, गावचे रस्ते अशी जी श्रेणी आपण आज गृहीत धरतो, ती या बैठकीत पक्की झाली. आणि सुपीक प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्ट तिने समोर ठेवले. ज्या वर्षी बंगालात दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती त्याच वर्षी काही माणसे पुढील वीस वर्षांच्या रस्त्यांचा विचार करीत बसली होती, हे वाचताना मन क्षणभर थबकते. पण दुष्काळातील धान्य रस्त्यानेच जावयाचे असते, हेही तितकेच खरे.

रस्ते असे हळूहळू सुधारत होते. यंत्र मात्र सामान्य गृहस्थाच्या हाती स्वातंत्र्यानंतरच आले. १९५५ साली मद्रासेस रॉयल एनफील्डच्या 'बुलेट'ची जुळणी सुरू झाली, ती मुख्यतः लष्कराची गरज भागविण्याकरिता. म्हैसूर येथे साठ-एकसष्टच्या सुमारास 'जावा' निघू लागली. आणि एस्कॉर्ट्स कंपनीची 'राजदूत' पोलंडच्या एका नमुन्यावरून तयार होऊन खेडोपाडी दूधवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सर्वांची झाली. पुणे आणि त्याचा परिसर तेव्हा स्कूटरच्या उद्योगाचे केंद्र बनत होता, आणि स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहणारी कुटुंबे घरोघर होती. परवाने आणि कोटा यांच्या त्या जमान्यात गाडी मिळणे हेच मुळी मोठे भाग्य असल्याने, मिळालेली गाडी मालक आपल्या हातांनी जाणून घेई. दुसरा इलाजही नव्हता.

जावा आणि राजदूत या टू-स्ट्रोक गाड्या होत्या. त्यांच्या इंजिनास वेगळे तेल पोहोचविण्याची व्यवस्था नसल्यामुळे पेट्रोलमध्येच ठरावीक मापाने ऑईल मिसळावे लागे; माप कमी पडले तर पिस्टन जाम होण्याचे भय, अधिक झाले तर प्लगला काजळी धरून गाडी ऐन चढावर आचके देऊ लागे. असा प्रसंग घाटात आला म्हणजे चालकाने गाडी कडेला घेऊन, इंजिन थोडे निवू देऊन, प्लगपान्याने प्लग खोलावयाचा. टोकावर साचलेली काळी मळी पॉलिश पेपरने खरवडावयाची. दोन टोकांमधली फट, म्हणजे 'गॅप', पाहून गरजेप्रमाणे हलक्या हाताने ठोकावयाची. मग प्लग वायरीस जोडून इंजिनाच्या धातूवर टेकवावयाचा आणि हाताने किक दाबून ठिणगी निळी पडते की पिवळी, हे निरखावयाचे. निळी ठिणगी दिसली की मनुष्य निःशंकपणे पुढे निघे. ठिणगीच पडली नाही तर पॉइंट साफ करण्याची पाळी येई, आणि तेवढ्याने भागले नाही तर कंडेन्सर बदलावा लागे; म्हणून कंडेन्सर, पॉइंटचा संच आणि दोन जादा प्लग ही त्रयी सीटखालच्या पिशवीत असल्यावाचून शहाणा चालक जिल्ह्याची हद्द ओलांडीत नसे.

बुलेटचे शास्त्र निराळे. तिची किक अंगबळाने मारून चालत नसे. अँपिअरच्या काट्याकडे पाहत, डिकंप्रेशनची लहान दांडी दाबून पिस्टन योग्य जागी आणावयाचा, मग दांडी सोडून एकच भरपूर किक द्यावयाची. घाई केली तर किक उलटून पोटरीस असा तडाखा देई की त्याची आठवण बरेच दिवस राही. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, ही तिची ठेवण ज्याच्या अंगवळणी पडली त्याला दुसरी गाडी चालविताना पावले सांभाळावी लागत. लांबच्या प्रवासास निघणारे अनुभवी लोक आणखी एक युक्ती करीत, ती मला सर्व पूर्वतयारीचा अर्क वाटते. क्लचची वायर वाटेत तुटणार, हे ते धरूनच चालत. म्हणून घरीच, निवांतपणे, मूळ वायरीच्या शेजारून दुसरी नवी वायर तंतोतंत त्याच वळणाने घालून टेपने बांधून ठेवीत आणि तिची दोन्ही टोके मोकळी सोडीत. रस्त्यात पहिली तुटली की केवळ टोके जोडावयाची, टाकी उतरवावी लागत नाही, अंधारात चाचपडावे लागत नाही. संकट टाळता येत नसेल तर त्याच्या निवारणाचे निम्मे काम दिवसाउजेडी, घरच्या अंगणात उरकून ठेवावे, एवढी दूरदृष्टी त्या दीड-दोन हात लांबीच्या तारेत भरलेली आहे.

कागदपत्रांची कहाणीही अशीच लांब आहे. मराठेशाहीत मुलखातून जाणाऱ्यास दस्तक लागे आणि मालावर नाक्यानाक्यांवर जकात पडे. इंग्रजी अंमलातही मुंबई-आग्रा रस्त्याने जाणारा प्रवासी होळकर, शिंदे अशा संस्थानांच्या हद्दी ओलांडीतच जाई. मोटार वाहनांसाठी १९१४ साली पहिला देशव्यापी कायदा झाला, १९३९ साली तो नव्याने बांधला गेला, आणि एका प्रांताचा परवाना दुसऱ्या प्रांतात चालेल ही आज क्षुल्लक वाटणारी सोय त्यातून सिद्ध झाली. परदेशी गाडी न्यावयाची झाल्यास जकातीच्या हमीपत्राची, म्हणजे 'कार्ने'ची, तजवीज करावी लागे. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन अशी कामे पाहत आली आहे. गोव्याला जाणे १९६१ पर्यंत परमुलखात जाणेच होते.

मुक्कामाचा बंदोबस्त हा पूर्वी तयारीचा सर्वांत नाजूक भाग असे. अहिल्याबाईंच्या घाट-विहिरी आणि धर्मशाळा यात्रेकरूंच्या उपयोगी पडत. पण मोटारसायकलवाल्याची वाट नेहमीच तीर्थाची नसे. त्याचा डोळा असे तो डाकबंगल्यावर किंवा बांधकाम खात्याच्या विश्रामगृहावर. तेथे उतरावयाचे तर आगाऊ अर्ज करून कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीचा दाखला मिळवावा लागे, आणि तो मिळाला तरी ऐन वेळी एखादा साहेब दौऱ्यावर आला की खोली सोडावी लागे, असा शिरस्ता होता. जाड भिंती, उंच छपराखालील वऱ्हांडा, वेताची आरामखुर्ची, आणि सांगितल्यावर कोंबडी शोधावयास निघणारा खानसामा. अशा बंगल्यांतून आपल्या देशाची एक फार मोठी प्रवाससंस्कृती नांदून गेली. घरच्यांशी संबंध राहावा म्हणून पुढच्या गावच्या पोस्टमास्तरांच्या हवाली पत्र पाठविण्याचा रिवाज होता. मुक्कामास पोहोचल्यावर आधी पोस्टात जाऊन आपल्या नावाचे पाकीट आले आहे काय, हे विचारावयाचे. एस.टी.डी.च्या पिवळ्या फलकांनी हा रिवाज ऐंशीच्या दशकात मागे सारला, आणि पुढे खिशातल्या फोनने ते फलकही.

पेट्रोलचे म्हणाल तर बर्मा शेल, कॅलटेक्स, एसो या कंपन्यांचे पंप शहरांत आणि मोठ्या रस्त्यांवर असत; ते सारे सत्तरीच्या दशकात राष्ट्राच्या मालकीचे झाले आणि मग पंपांचे जाळे आडरस्त्यांपर्यंत पसरले. तरीही जुन्या पद्धतीची इंधनमोजणी करावी लागे असा एक प्रदेश पुष्कळ वर्षे शिल्लक राहिला. लडाख १९७४ साली पर्यटकांस खुले झाले, आणि मनालीहून लेहला जाणारा लष्करी रस्ता १९८९ साली सर्वांसाठी उघडला. या वाटेवर चंद्रा आणि भागा यांच्या संगमाशी तांडी येथे एक पंप आहे. तेथील प्रसिद्ध फलक सांगत असे की, पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर आहे. मधल्या टप्प्यात टंगलंग ला ही सतरा हजार फुटांवरची खिंड. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद उतरलेली आणि माणसाचीही. आपल्याकडील कितीतरी तरुण पहिला लांबचा प्रवास म्हणून एकदम या वाटेचा संकल्प करतात. त्यांच्या उत्साहाचा मला आदर आहे. परंतु विरळ हवेस शरीर रुळावे म्हणून वाटेत मुक्काम वाढविणे ही तयारीतली पहिली बाब आहे, जादा पेट्रोलचा डबा ही दुसरी, हा क्रम त्यांनी उलटा करू नये.

रस्त्यावरचे सर्वच आधार कायमचे नसतात, हेही इतिहासाने आपल्याला कठोरपणे शिकविलेले आहे. महाडजवळ सावित्री नदीवरील इंग्रजी अंमलातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला आणि दोन एस.टी. बसगाड्यांसह कित्येक माणसे त्या अंधारात नाहीशी झाली. पुलाखालचे पाणी गाडीच्या दिव्याच्या प्रकाशात दिसत नाही. पावसाळ्यात कोकणातून रात्री प्रवास करू नये, फरशी पुलावरून पाणी जात असेल तर थांबावे, असे जुने लोक सांगत ते भित्रेपणाने सांगत नव्हते.

आज प्रवाशाच्या पिशवीतून कंडेन्सर गेला, ऑईलचे माप गेले, विश्रामगृहाचा दाखला गेला, जकात नाक्यावरची पावती गेली, नकाशाची घडीही गेली. १९८५ साली फोर-स्ट्रोक हीरो होंडा बाजारात आल्यापासून तर, गाडी वाटेत बंद पडेल हे गृहीत धरून घराबाहेर पडणारी पिढीच हळूहळू मागे सरली. दिवसाची मजल किती ठेवावी हा विचार मात्र गोडसे भटजींच्या काळी जेवढा महत्त्वाचा होता तेवढाच राहिला आहे, कारण तो यंत्रावर किंवा सरकारवर अवलंबून नाही. तो कंबरेवर, मनगटांवर आणि डोळ्यांवर अवलंबून आहे. चारपदरी रस्त्यावर सहाशे किलोमीटर जाणे गाडीस शक्य असते. पहिल्यांदाच निघालेल्या शरीरास ते पहिल्या दिवशी कदाचित साधेलही, पण तिसऱ्या दिवशी त्याची वसुली होते, आणि ती बहुधा दुपारी जेवणानंतरच्या एका डुलकीच्या रूपाने होते. अडीच-तीनशे किलोमीटर, सूर्य मावळण्यापूर्वी मुक्काम, आणि चार दिवसांमागे एक दिवस विसावा, हे प्रमाण पहिल्या प्रवासास मी योग्य मानतो.

एक विनंती मात्र करावीशी वाटते. पन्नास ते नव्वद या दशकांत मराठी मुलखातून जे लोक बुलेट, जावा, येझदी, राजदूत घेऊन दूरवर गेले, त्यांपैकी पुष्कळजण प्रवासवही ठेवीत. तीत पेट्रोलचे दर, मैलांचे आकडे, कोणत्या गावी कोणत्या मिस्त्रीने काय दुरुस्त केले व किती पैसे घेतले, कोणत्या नदीवर तर होती आणि पूल केव्हा झाला, असा तपशील असे. हा इतिहास सरकारी दप्तरांत सापडावयाचा नाही. महामार्गालगतच्या ज्या गॅरेजवाल्यांनी दोन दोन पिढ्या या प्रवाशांना पुढे धाडले, त्यांच्या आठवणी तर कोठेच लिहिलेल्या नाहीत, आणि त्यांतले वृद्ध आता थोडे उरले आहेत. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत न घालता गावच्या ग्रंथालयाकडे किंवा एखाद्या इतिहास संशोधन मंडळाकडे सोपवाव्यात. आणि जे या वर्षी पहिल्यांदा निघणार आहेत त्यांनी वाटेत चहासाठी थांबताना, शक्य तेथे, शेजारच्या जुन्या मिस्त्रीस त्याचे दुकान कोणत्या साली सुरू झाले एवढे विचारून ते लिहून घ्यावे.